उभ्या गाडीतली गळती

ऑटोमॅटिक गाडीच्या रेडिएटरच्या पोटात बऱ्याचदा आणखी एक छोटा कूलर दडवलेला असतो. गाडी घेऊन दहा वर्षं झाली तरी अनेकांना त्याचा पत्ता नसतो, आणि असायचं काही कारणही नाही. बाहेरून दिसतात त्या बोटाएवढ्या जाडीच्या दोन नळ्या. गिअरबॉक्समधलं गरम तेल एका नळीने येतं, रेडिएटरच्या टाकीत बुडवलेल्या कूलरमधून फिरतं आणि दुसऱ्या नळीने परत जातं. तेलाच्या चहूबाजूंनी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण. दोघांच्या मध्ये धातूची पातळ भिंत, आणि नळ्या टाकीतून बाहेर पडतात तिथे रबरी ओ-रिंगा. या एवढ्या ऐवजाच्या भरवशावर गाडीतला बहुधा इंजिनाखालोखाल महाग भाग सोडलेला असतो.

मी दुबईत चिलर प्लांटच्या देखभालीचं काम करते. मोठ्या इमारतींच्या एसीचा पसारा. तिथेही असाच मामला आहे: एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला रेफ्रिजरंट, मध्ये तांब्याच्या शेकडो नळ्या. एखादी नळी गेली की पाणी गॅसच्या बाजूला शिरतं आणि कॉम्प्रेसरची वाट लागते. त्यामुळे दोन द्रव आणि मध्ये एक भिंत असं काही समोर आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: दाब कुठल्या बाजूला जास्त? गळतीला दिशा असते, आणि ती दाब ठरवतो.

गाडीत मात्र या प्रश्नाचं उत्तर दिवसातून दोनदा-चारदा बदलतं. इंजिन चालू असताना गिअरबॉक्सचा पंप तेल ढकलत असतो, आणि तेलाचा दाब सहसा कूलंटपेक्षा जास्त असतो. भिंतीला चीर असेल तर तेल कूलंटमध्ये जातं. इंजिन बंद केलं की पंप थांबतो आणि तेलाचा दाब बघता बघता शून्यावर येतो. कूलंट मात्र तापलेलंच असतं. रेडिएटरच्या झाकणाने साधारण एक बारचा दाब कोंडून धरलेला असतो, वर इंजिनाच्या धातूत साठलेली उष्णता त्याला काही मिनिटं आणखी तापवत राहते. आता प्रवास उलटा. कूलंट तेलात. म्हणजे गिअरबॉक्सचं खरं नुकसान गाडी पळत असताना होत नाही. आपण गाडी बेसमेंटमध्ये लावतो, लिफ्टने वर जातो आणि चहाचं आधण ठेवतो, तेव्हा ते होतं.

दादांच्या गाडीचं असंच झालं होतं. फक्त हे मान्य व्हायला बराच वेळ गेला, कारण दादांकडे याहून चांगली गोष्ट तयार होती.

दादा म्हणजे वाळवंटात गाड्या घालणाऱ्या आमच्या ग्रुपमधले सगळ्यांत जुने वाळूबहाद्दर. मूळचे सांगलीचे, शारजात राहून केस पांढरे झालेले. ऑक्टोबर ते एप्रिल हा इथला वाळूचा हंगाम. शुक्रवारी संध्याकाळी टायरची हवा बारा-पंधरा पीएसआयपर्यंत उतरवायची आणि फॉसिल रॉक, अल बदायर नाहीतर स्वैहानच्या बाजूला निघायचं. वर्षातून एकदा लिवा. दादांची गाडी जुनी, दणकट, ऑटोमॅटिक फोर बाय फोर. कंपनीचं नाव इथे घेत नाही. वयाच्या मानाने गाडीने खूप केलं होतं, आणि दादांनीही ते तिच्याकडून पुरेपूर वसूल केलं होतं.

त्या हंगामाच्या सुरुवातीला तक्रार आली ती थरथरीची. हायवेवर सत्तर-ऐंशीच्या वेगाला, ॲक्सिलरेटरवर पाय हलका असताना, गाडी तीन-चार सेकंद थरथरायची आणि पुन्हा शांत व्हायची. वाळूत काहीच नाही. गावात काहीच नाही. एका गॅरेजने व्हील बॅलन्सिंग केलं. दुसऱ्याने इग्निशन कॉइल बदलल्या, कारण सिलिंडर चुकतो तेव्हा अशीच थरथर होते. पैसे गेले, थरथर राहिली.

इथे एक साधी युक्ती आहे आणि ती फारशी कोणी वापरत नाही. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि त्यात एक लॉक-अप क्लच असतो. ठरावीक वेगाच्या वर, लोड कमी असेल तर तो इंजिन आणि गिअरबॉक्सला घट्ट जोडतो, म्हणजे मधलं घसरणं थांबतं आणि पेट्रोल वाचतं. ब्रेकच्या पेडलला नुसता स्पर्श झाला, ब्रेकलाइट लागण्यापुरता, की कॉम्प्युटर हा क्लच सोडतो. म्हणून रस्ता मोकळा असताना, मागे कोणी नसताना, थरथर सुरू झाली की उजवा पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला अलगद टेकायचं. त्याच क्षणी थरथर गेली तर दोष लॉक-अपमध्ये किंवा त्याच्या तेलात. तशीच राहिली तर इंजिन, टायर, शाफ्ट यांच्याकडे बघायचं. एमिरेट्स रोडवर मी शेजारी बसून हे दादांना करायला लावलं. थरथर बटण दाबल्यासारखी बंद झाली. गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणाऱ्या ओबीडी रीडरवरही तेच दिसत होतं: लॉक-अप लागलेला असताना इंजिनाचे फेरे आणि टर्बाइनचे, म्हणजे कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या चक्राचे, फेरे सारखे राहायला हवेत, इथे दोघांमधला फरक वरखाली नाचत होता.

मग गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली. (हल्लीच्या अनेक गाड्यांत ती देतच नाहीत. गिअरबॉक्स 'सील्ड फॉर लाइफ' म्हणतात. कोणाचं लाइफ, ते सांगत नाहीत.) तेल लाल आणि पारदर्शक असायला हवं होतं. निघालं ते गुलाबी, दाट, फेसाळ. पातळीही खुणेच्या बरीच वर. तेल घातलं नसताना पातळी वाढलेली म्हणजे दुसरं काहीतरी आत आलंय, याला प्रयोगशाळा लागत नाही.

अमेरिकेत या गुलाबी द्रवाला गाडीमालकांनीच नाव दिलंय, 'स्ट्रॉबेरी मिल्कशेक ऑफ डेथ'. ते मुख्यतः निस्सानच्या २००५ ते २०१० या काळातल्या एक्स्टेरा, फ्रंटियर आणि पाथफाइंडर गाड्यांवरून पडलं. या गाड्यांच्या रेडिएटरमधला कूलर आतून फुटायचा आणि गिअरबॉक्स जायचा. तक्रारी इतक्या झाल्या की कंपनीने रेडिएटरची वॉरंटी आठ वर्षं किंवा ऐंशी हजार मैलांपर्यंत वाढवली. पुढे ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली आणि दहा वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंतच्या गाड्यांनाही काही आधार मिळाला, अर्थात खर्चाचा मोठा वाटा मालकाने उचलायचा या अटीवर. त्याआधी मर्सिडीझच्याही २०००च्या आसपासच्या काही मॉडेलमध्ये रेडिएटरमधून गिअरबॉक्सच्या तेलात ग्लायकॉल जायचं. तेव्हा हा रोग एका घराण्याचा नाही, एका रचनेचा आहे. दादांची गाडी या दोन्ही घराण्यांतली नव्हे.

डिपस्टिक बघून दादा म्हणाले, "पुराचं पाणी. दुसरं काय असणार?"

त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. १६ एप्रिल २०२४चा पाऊस इथे कोणी विसरलेलं नाही. देशात १९४९पासून नोंदी आहेत, त्यांतला सर्वांत मोठा पाऊस. अल ऐनजवळ खत्म अल शक्लाला चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर. शारजातल्या वस्त्यांमध्ये तर पाणी कित्येक दिवस हटलं नाही. आमच्या ग्रुपच्या उंच गाड्या त्या आठवड्यात लोकांना दूध, औषधं, पाण्याच्या बाटल्या पोचवत फिरत होत्या आणि दादांची गाडी सगळ्यांच्या पुढे. चाकं पूर्ण बुडतील एवढ्या पाण्यातून ती गेली होती. त्याचे व्हिडिओ आहेत. दादांच्या नातवंडांना ते पाठ आहेत.

शिवाय दादा सांगलीचे. २००५चा पूर त्यांनी सुट्टीवर असताना स्वतः पाहिला होता. २०१९ला तर भावाचं गॅरेज वाचवायला विमानाने गेले होते. पाणी ओसरल्यावर आठवडेच्या आठवडे त्या गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या प्रत्येक नटाखालून पांढरट, दुधाळ तेल निघत होतं. इंजिनातून, गिअरबॉक्समधून, दोन चाकांच्या मधल्या डिफरन्शियलमधून. कृष्णाकाठच्या माणसाला तेल दुधाळ दिसलं की पूर आठवणार. त्यात त्याचा दोष काय?

आणि यंत्रशास्त्रही त्यांच्या बाजूने होतं. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक ब्रीदर असतो, वर नेलेली बारीक नळी. तापलेला गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात बुडला की आतली हवा आकुंचन पावते, आत ओढ निर्माण होते, आणि ब्रीदर किंवा ऑइल सील जिथून जमेल तिथून पाणी आत खेचलं जातं. ऑफ-रोड गाडीचं निदान अवघड होतं ते इथेच. शहरातल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये पाणी सापडलं तर संशयित बहुधा एकच असतो, रेडिएटर. नदी, ओढे, इकडच्या वाडी म्हणजे कोरडी नदीपात्रं तुडवणाऱ्या गाडीला दोन संशयित असतात आणि दोघांकडे कारण असतं.

तरी मला ते पटेना. पहिली गोष्ट काळाची. पूर एप्रिलमध्ये, थरथर हंगाम सुरू झाल्यावर. मधला अख्खा उन्हाळा गाडी रोज ऑफिसला जात होती. गिअरबॉक्सचं तेल इथल्या उन्हाळ्यात शंभर अंशाच्या जवळ सहज जातं. तेवढ्या तापमानात साधं पाणी हळूहळू वाफ होऊन ब्रीदरमधून निघून जातं, किंवा तोवर नुकसान करून मोकळं होतं. सहा-सात महिने वाट बघून मग ताजा फेस काढत नाही. ग्लायकॉलचं तसं नाही. त्याचा उत्कलनबिंदू १९७ अंश. ते आत गेलं की आतच राहतं.

दुसरी गोष्ट उंचीची. पाणी बाहेरून शिरलं असतं तर सगळ्यांत आधी डिफरन्शियलमध्ये शिरलं असतं, कारण ते सगळ्यांत खाली आणि सगळ्यांत आधी बुडतं. दादांच्या गाडीचे डिफरन्शियलचे ब्रीदर कंपनीने दिलेल्या उंचीवरच होते, वर नेलेले नव्हते. मी म्हटलं, "दादा, पुढचा-मागचा डिफ आणि दोघांना ताकद वाटून देणारी ट्रान्स्फर केस, तिन्हीचे प्लग उघडून बघू. तिथे दुधाळ निघालं तर पूर. नाहीतर नाही."

"आणि नाही निघालं तर?"

"तर रेडिएटरचं झाकण उघडू."

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचे एक पठाण उस्ताद आहेत, पेशावरकडचे. गिअरबॉक्स सोडून दुसऱ्या कामाला हात लावत नाहीत. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, तिन्ही प्लग उघडले. तिन्हीकडे तेल स्वच्छ. मागच्या डिफमध्ये थोडं काळं झालेलं, पण ते वयाचं. इंजिनाची डिपस्टिकही काढली. इंजिन ऑइल काळं, पण दुधाळ नव्हे. म्हणजे हेड गॅस्केटचा, इंजिनात तेल आणि कूलंट वेगळं ठेवणाऱ्या पॅकिंगचा, संशयही मागे पडला. उस्तादांनी गिअरबॉक्सच्या तेलाचे दोन थेंब टिश्यू पेपरवर टाकले. लाल डाग मध्ये जिथल्या तिथे राहिला आणि भोवती ओलसर, बिनरंगी वर्तुळ पसरत गेलं. "बाजी, पानी तो आया है," ते म्हणाले, "सवाल ये है कि आया कहां से."

रेडिएटर गार होता, झाकण उघडलं. आतल्या कडेवरून बोट फिरवल्यावर चिकट, तपकिरी-गुलाबी थर हाताला आला. ओव्हरफ्लोची बाटली जुनी, उन्हाने पिवळी पडलेली. बाहेरून तिच्यात काय आहे ते कोणालाच दिसलं नसतं. वहिनींनी नंतर सांगितलं, ऑगस्टपासून दर पंधरा-वीस दिवसांनी हे खाली जाऊन त्या बाटलीत पाणी टाकत होते. घराच्या नळाचं. दादांना ते विशेष वाटलंच नव्हतं. इथला उन्हाळाच तसा, पाणी उडायचंच. पण बंद सर्किटमधलं कूलंट उडत नाही. कमी झालं असेल तर ते कुठेतरी गेलेलं असतं, आणि खाली फरशीवर डाग नसेल तर ते आत कुठेतरी गेलेलं असतं. गाडीबद्दल फक्त एक वाक्य लोकांना सांगायची मुभा मला दिली तर मी हे सांगेन.

एवढ्यावर कोणीही समजला असता. दादा समजले नाहीत. "रेडिएटरमध्ये तेल आहे म्हणतेस. पण गिअरबॉक्समध्ये रेडिएटरचंच पाणी आहे, हे कुठे दिसलं?" प्रश्न चोख होता, मला आवडला. खरंच, एका दिशेची गळती दिसली म्हणून दुसऱ्या दिशेची सिद्ध होत नाही.

ती सिद्ध करायची रीत अशी. गिअरबॉक्सच्या दोन्ही नळ्या रेडिएटरपासून सोडवायच्या. एका तोंडाला बूच, दुसरं तोंड उघडं, त्याच्याखाली पांढरा कागद. रेडिएटर कूलंटने काठोकाठ भरायचा आणि झाकणाच्या जागी हातपंप लावून पंधरा पीएसआयपर्यंत दाब द्यायचा. भिंत फुटलेली असेल तर कूलरच्या उघड्या तोंडातून कूलंट टपकायला हवं, आणि काटा खाली यायला हवा.

उस्तादांनी दाब दिला. काटा पंधरावर. आम्ही सुलेमानी चहा प्यायलो. काटा पंधरावर. दादांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायला लागलं.

चिलरच्या कामात हे मी पाहिलेलं आहे. थंड स्थितीत धातू आकसलेला, प्लास्टिक ताठ, रबर बसलेलं. बारीक चीर मिटून जाते. तापली की उघडते. कितीतरी रेडिएटर या गार चाचणीत पास होऊन गाडीवर परत चढतात, नवा गिअरबॉक्स खातात, आणि मग मेकॅनिक गिअरबॉक्सच्या दुकानदाराशी भांडतो. मी उस्तादांना म्हटलं, गरम करून बघू या. ते हसले, म्हणाले तेच सांगणार होतो, आपके दादा का चाय खतम होने दो. पोऱ्याने शेगडीवर मोठं भांडं ठेवलं. उकळतं पाणी आणि कूलंट मिसळून रेडिएटरमध्ये ओतलं, वरून गोणपाट टाकलं, पुन्हा पंधरा पीएसआय.

या वेळी काटा आधी थबकत, मग सावकाश खाली यायला लागला. थोड्या वेळाने उघड्या तोंडाशी एक थेंब जमला, लोंबला आणि कागदावर पडला. हिरवा. मागोमाग दुसरा. दादांच्या गाडीत कूलंट हिरवं होतं हे आमचं नशीब. कित्येक गाड्यांत कूलंटही लाल असतं आणि गिअरबॉक्सचं तेलही लाल. गाडीखाली लाल डाग दिसला की अर्धा तास वाद चालतो. तेव्हा थेंब पाण्यात टाकून बघायचा: तेल वर तरंगतं, कूलंट विरघळून जातं. चव घेऊन बघणारे महाभाग मी पाहिलेत. ग्लायकॉल गोड लागतं आणि ते विष आहे, हे त्यांना कोणीतरी जरा जोरात सांगायला हवं.

माझ्याकडे आणखी एक सोय होती. कॉम्प्रेसरच्या तेलाचे नमुने आम्ही नियमित प्रयोगशाळेत पाठवतो. त्यांच्याबरोबर दादांच्या गिअरबॉक्सची एक बाटली त्यांच्या पैशाने पाठवली. तेलातलं पाणी ओळखायची सगळ्यांत जुनी चाचणी म्हणजे तापलेल्या प्लेटवर थेंब टाकायचा. पाणी असेल तर तो तडतडतो. पण तडतड फक्त 'पाणी आहे' एवढंच सांगते, कुठलं ते सांगत नाही. पुराचं पाणी असेल तर त्यात ग्लायकॉल असायचं कारण नाही. रेडिएटरचं असेल तर ग्लायकॉल आणि गंजरोधकांतलं पोटॅशियम, सोडियम यांच्या खुणा मागे राहतात. नुसत्या सोडियमवर भिस्त ठेवू नये, शारजाच्या पुराच्या पाण्यात ते काही कमी नव्हतं. अहवालात ग्लायकॉल आलं. मी तो दादांना पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

त्यांचं गप्प राहणं मला समजत होतं. पुरात लोकांना मदत करताना गाडी गेली, ही सांगण्यासारखी गोष्ट आहे. रेडिएटरच्या टाकीतलं एक फिटिंग आतून गंजलं आणि आपण त्यात नळाचं पाणी ओतत राहिलो, ही गोष्ट कोण ऐकणार? विम्याचाही विचार मनात होताच. पुराचं म्हटलं तर निदान अर्ज करता आला असता. पण मला वाटतं पैसा दुय्यम होता. दणक्याने मेलेली गाडी आणि सावकाश झिजून मेलेली गाडी, या दोघींचा शोक वेगळा असतो.

गिअरबॉक्सचं पुढे काय करायचं यावर ग्रुपमध्ये जे तुंबळ झालं ते सांगण्यासारखं नाही. निम्मे लोक म्हणाले, दोन-तीनदा तेल बदला, निघून जाईल. मी या मताच्या ठाम विरोधात आहे. खालचा प्लग उघडून तेल काढलं तर एका वेळी तिसरा हिस्सा ते अर्धं निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि वाटावाटांत अडकलेलं असतं. आणि सगळं धुऊन काढलं असं समजू या, तरी प्रश्न तेलाचा उरलेलाच नसतो. ऑटोमॅटिकच्या क्लच प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर कागदी धाग्यांचं असतं, पोलादावर चिकटवलेलं. पाणी लागलं की अस्तर ते शोषून घेतं, फुगतं आणि पोलादापासून सुटायला लागतं. लॉक-अप आधी थरथरतो, मग गिअर पकडायला उशीर होतो, मग एक दिवस ऐन चढावर गाडी नुसती गुरगुरते. काही गिअरबॉक्समध्ये कंट्रोल युनिटही तळाच्या तेलातच बसवलेलं असतं. तिथे तर ग्लायकॉल विजेच्या जोडण्यांपर्यंत पोचतं. पहिल्या एक-दोन दिवसांत पकडलं, तेल जेमतेम गढूळ झालेलं असेल, तर धुण्याला अर्थ आहे. थरथर सुरू झाल्यावर नाही. उस्तादांनी दादांचा गिअरबॉक्स उघडला तेव्हा एका प्लेटवरचं अस्तर त्यांनी नखाने सोलून दाखवलं.

शेवटी सजाच्या भंगार बाजारातून एक वापरलेला गिअरबॉक्स आला, उस्तादांनी तो उघडून, सील बदलून बसवला. रेडिएटर नवा. आणि रेडिएटरमधला कूलर वापरायचाच नाही असं ठरलं: तेलाच्या नळ्या थेट पुढे लावलेल्या वेगळ्या एअर कूलरला. थंड देशात असं करताना विचार करावा लागतो, कारण रेडिएटरमधला कूलर नावाला कूलर असला तरी हिवाळ्यात तोच गार तेलाला लवकर गरम करतो. दुबईत हा प्रश्न कोणाला पडत नाही. इथली अडचण उलटी आहे. मऊ वाळूत गाडीचा वेग धावणाऱ्या माणसाएवढा, टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरतोय, तेल उकळायच्या बेतात, आणि समोरून वारा नाहीच. म्हणून कूलरला स्वतःचा पंखा हवा. दादांनी आधी बिनपंख्याचा स्वस्तातला कूलर आणला होता, वहिनींनी तो परत करायला लावला.

त्याचबरोबर वाळूतली एक सवय बदलली. गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला की अनेकजण घाबरून इंजिन बंद करतात. पंप थांबतो, तेल जिथल्या तिथे तापत राहतं, आणि रेडिएटरची भिंत कच्ची असेल तर नेमक्या याच वेळी कूलंट तेलात घुसतं. गाडी न्यूट्रलला घ्यायची, तोंड वाऱ्याकडे, इंजिन चालू, फेरे किंचित वाढवलेले. दिवा जाईपर्यंत खजूर खात बसायचं.

पुण्या-नाशकाकडच्या मित्रांना हे सगळं परक्या मुलखातलं वाटायचं, कारण तिकडच्या जीप आणि जिप्सी सगळ्या हाताच्या गिअरच्या. त्यांच्या गिअरबॉक्सचा आणि रेडिएटरचा काही संबंधच नाही. तिथे दुधाळ तेल म्हणजे ओढा किंवा पूर, प्रश्न मिटला. पण २०२०ला नवी थार टॉर्क कन्व्हर्टरसकट आली, आता घाटात निम्म्या गाड्या ऑटोमॅटिक दिसतात. कूलर कुठे असतो ते मॉडेलप्रमाणे बदलतं. काहींत रेडिएटरच्या टाकीत, काहींत प्लेटांचा वेगळा हीट एक्स्चेंजर, काहींत नुसता वाऱ्यावरचा. आपल्या गाडीत कुठे आहे तेवढं एकदा बघून ठेवावं. पावसाळ्यात दुधाळ तेल निघालं तर ओढ्याला दोष देण्याआधी डिफचा प्लग उघडावा.

जुना रेडिएटर भंगारात टाकण्याआधी उस्तादांनी त्याची बाजूची टाकी ग्राइंडरने कापून दिली. कूलरच्या फिटिंगच्या बुडाशी पांढरट गंजाची कड आणि तिच्यातून गेलेली केसासारखी चीर, बोटाला लागण्याआधी नखाला लागणारी. दादांनी तो तुकडा स्वच्छ धुतला, एका पिशवीत घातला आणि पुढच्या ड्राइव्हला बरोबर आणला. कॅम्पवर सगळ्यांना गोळा करून, टॉर्च मारून, चीर कुठे आहे, दाब कधी कुठल्या बाजूला असतो, गार चाचणी का फसते, सगळं त्यांनी माझ्याहून चांगलं समजावलं. पोरं माना डोलवत होती. त्यातला एक नवा मुलगा, नुकताच कोल्हापूरहून आलेला, तुकडा हातात घेऊन बराच वेळ न्याहाळत राहिला.

"पण काका," तो म्हणाला, "तुमची गाडी पुरात गेली होती ना?"